शिष्यवृत्तीचें ऋण दुहेरी असतें

मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणीं व कसा सोसावा हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाहीं. तीन-चार पिढ्यांपूर्वीं पुण्यासारख्या शहरीं शिकावयास आलेला गरीब ब्राह्मणाचा मुलगा माधुकरी मागे, किंवा सात घरीं वार लावून जेवे. त्या अन्नाची परतफेड त्याच्यापाशीं कोणी मागत नसे; पण त्या घरांचें ऋण मात्र तो जन्मभर मानी. पुढें कर्ज काढून शिकण्याची रीत पडली, आणि बँकेचें शैक्षणिक कर्ज म्हणजे काय हें आतां बहुतेक घरांना अनुभवानें ठाऊक झालें आहे. या दोहोंहून निराळा असा एक तिसरा मार्ग आहे. सरकारनें शिकवावें, आणि शिकलेल्यानें ठरलेलीं वर्षें सरकारची चाकरी करून तें शिक्षण फेडावें, असा हा मार्ग होय. या महिन्यांत या सदरांत त्याचाच विचार करावयाचा आहे, आणि तो करण्यासाठीं अमेरिकेच्या संरक्षणखात्याची एक शिष्यवृत्ति उदाहरणादाखल घेतली आहे.

हें उदाहरण फार दूरचें आहे असें कोणास वाटेल. पण आतां तें तितकें दूरचें राहिलेलें नाहीं. एकत्र कुटुंबाची एखादी शाखा न्यू जर्सींत किंवा कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेली असते. तेथें जन्मलेला नातू त्या देशाचा नागरिक असतो. तो अठरा वर्षांचा होतो, गणितांत हुशार निघतो, आणि एके दिवशीं दूरध्वनीवरून बातमी येते कीं, त्याला ‘स्मार्ट’ नांवाची शिष्यवृत्ति मिळत आहे. शिक्षण फुकट आणि पुढची नोकरीहि पक्की. आजीला आनंद होतो. आजोबांच्या मनांत मात्र ‘संरक्षणखातें’ हा शब्द घोळत राहतो. मुलगा फौजेंत जाणार कीं काय, अशी शंका त्यांना येते, आणि ती विचारावी कोणाला हें त्यांना कळत नाहीं.

पहिल्यानें या शंकेचें निरसन करूं. ही शिष्यवृत्ति घेणारा फौजेंत जात नाहीं. त्याला गणवेश नाहीं, कवायत नाहीं, लढाईवर जाणें नाहीं. त्यानें पत्करलेली नोकरी मुलकी असते. अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या पदरीं सैनिकांखेरीज लक्षावधि मुलकी नोकर आहेत, आणि त्यांत शास्त्रज्ञ व इंजिनियर यांची संख्या मोठी आहे. वॉशिंग्टन येथील नौदलाची संशोधन प्रयोगशाळा, ओहायो राज्यांतील डेटन शहराजवळची हवाईदलाची संशोधनसंस्था, मिसिसिपी नदीकांठच्या व्हिक्सबर्ग गांवचें लष्करी इंजिनियरांचें संशोधनकेंद्र, अशा ठिकाणीं हे लोक काम करतात. कोणी धरणांच्या व बंदरांच्या बांधकामाचा अभ्यास करतो, कोणी धातूंची परीक्षा करतो, कोणी संगणकांचें शत्रूपासून रक्षण करतो, आणि कोणी अर्थातच अस्त्रेंहि बनवितो.

या शिष्यवृत्तीचें स्वरूप थोडक्यांत असें आहे. २००५ सालीं ती प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि लौकरच कायम करण्यांत आली. विज्ञान, गणित, इंजिनियरिंग व संगणकशास्त्र यांच्या ठराविक शाखांत पदवी, उच्च पदवी किंवा डॉक्टरेट यांसाठीं शिकणाऱ्यास ती मिळूं शकते. विद्यापीठाची संपूर्ण फी खातें भरतें. शिवाय पदवीच्या पायरीप्रमाणें वर्षाला सुमारें ३०,००० ते ४६,००० डॉलर विद्यावेतन मिळतें, आणि पुस्तकें व आरोग्यविमा यांकरितां निराळी रक्कम मिळते. अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. त्याखेरीज ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार मित्रराष्ट्रांच्या नागरिकांनाहि ती खुली आहे. भारताचा नागरिक असलेल्या विद्यार्थ्याला, मग तो अमेरिकेंतल्या विद्यापीठांत कितीहि वरच्या क्रमांकानें शिकत असो, ती मिळत नाहीं. येथून शिकावयास जाणाऱ्या मुलांच्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां बदल्यांत काय द्यावें लागतें तें पाहूं. जितकीं वर्षें शिष्यवृत्ति घेतली तितकीं वर्षें खात्याची मुलकी सेवा करावयाची, हा मुख्य करार. ती सेवा बिनपगारी नव्हे; सरकारी श्रेणीप्रमाणें पूर्ण पगार मिळतो. प्रत्येक विद्यार्थ्याला खात्यांतील एखादी प्रयोगशाळा किंवा कचेरी आरंभींच पुरस्कर्ती म्हणून नेमून दिलेली असते. उन्हाळ्याच्या सुटींत कांहीं आठवडे त्यानें तेथें उमेदवारी करावयाची आणि पदवी मिळाल्यावर तेथेंच रुजू व्हावयाचें. शिक्षण अर्ध्यावर सोडलें किंवा सेवेचीं वर्षें पुरीं केलीं नाहींत, तर घेतलेली रक्कम सरकारला परत करावी लागते. शिष्यवृत्ति म्हणून हातीं आलेला पैसा अशा वेळीं कर्जाचें रूप धारण करतो.

सरकारनें हा खटाटोप कां करावा, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला, आणि विज्ञानांत आपण मागें पडलों या भीतीनें अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षीं, २ सप्टेंबर १९५८ रोजीं, अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं ‘राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्या’वर सही केली. शिक्षणाच्या कायद्याला संरक्षणाचें नांव मिळावें यांतच त्या काळची मनःस्थिति दिसून येते. या कायद्यानें विद्यार्थ्यांना कमी व्याजाचीं कर्जें मिळूं लागलीं. जो विद्यार्थी पुढें सरकारी शाळेंत शिक्षक होई त्याच्या कर्जांतील दरवर्षीं दहावा हिस्सा, याप्रमाणें अधिकांत अधिक अर्धें कर्ज माफ होई. सेवेनें शिक्षण फेडण्याची कल्पना तेथें अशा सौम्य रूपानें शिरली.

त्याच कायद्यांत आणखी एक कलम होतें, आणि तें आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. कर्ज किंवा शिष्यवृत्ति घेणाऱ्यानें, सरकार उलथून पाडूं पाहणाऱ्या कोणत्याहि संस्थेवर आपला विश्वास नाहीं, असें प्रतिज्ञापत्र लिहून द्यावें, अशी ती अट होती. पैसा दिला म्हणून मनाची झडती घेण्याचा अधिकार सरकारला पोंचतो काय, असा प्रश्न अनेक विद्यापीठांनीं उपस्थित केला. १९५९ सालीं हार्वर्ड व येल या दोन नामांकित विद्यापीठांनीं तर त्या कर्जयोजनेंतून अंग काढून घेतलें. अखेर १९६२ सालीं ती प्रतिज्ञेची अट रद्द झाली. घेणाऱ्यांनीं वाद घातला म्हणून करार सुधारला, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें १९९१ सालीं सिनेटर डेव्हिड बोरेन यांच्या खटपटीनें परदेशीय भाषा शिकणाऱ्यांसाठीं शिष्यवृत्त्या निघाल्या. त्यांतहि शिक्षणानंतर निदान वर्षभर राष्ट्रीय सुरक्षिततेशीं संबंध असलेली सरकारी नोकरी करण्याची अट आहे. संगणकरक्षणाचें शास्त्र शिकणाऱ्यांसाठीं ‘सायबरकोर’ ही योजना निघाली, आणि मग ‘स्मार्ट’ आली. या सर्वांच्या मुळाशीं एकच अडचण आहे. संगणकाच्या मोठ्या कंपन्या हुशार पदवीधरांना जो पगार देतात तो सरकारला देववत नाहीं. तेथील उच्च इंजिनियरिंगच्या वर्गांतून परदेशीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी, आणि गुप्ततेच्या कामावर परदेशीयांस सहसा घेतां येत नाहीं. तेव्हां आपल्याच नागरिकांपैकीं हुशार मुलें लहानपणींच हेरावीं, त्यांना शिकवावें आणि बांधून घ्यावें, हा मार्ग सरकारनें पत्करला.

या बांधणुकीचा धागा आपल्या घरांपर्यंत कसा येऊन पोंचतो तेंहि सांगितलें पाहिजे. शिष्यवृत्ति घेणाऱ्याला गुप्ततेचा परवाना मिळण्यासारखा असावा लागतो, आणि त्यासाठीं जो लांबलचक तपासणीचा अर्ज भरावा लागतो त्यांत परदेशांतील आप्तांची माहिती द्यावी लागते. ज्यांच्याशीं अर्जदाराचा मागील सात वर्षांत प्रेमाचा किंवा कर्तव्याचा नेहमींचा संबंध आहे, अशा परकीय नागरिकांचीं नांवें त्यांत लिहावयाचीं असतात. म्हणजे दर रविवारीं नातवाशीं बोलणारे पुण्याचे आजोबा, मुंबईची आत्या, नाशिकचे काका यांचीं नांवें त्या अर्जांत येणार. वडिलोपार्जित घरांत किंवा शेतींत नातवाचा स्वतःचा हिस्सा असेल तर तोहि सांगावा लागणार. यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं, आणि भिण्याचेंहि नाहीं. खरी माहिती लपविणें एवढेंच घातक. परंतु एकत्र कुटुंबांतील मुलाची सही एकट्याची नसते हें यावरून दिसून येईल. म्हणून बातमी ऐकून नुसते पेढे वांटूं नयेत. वडिलांनीं करारनामा मागवून स्वतः वाचावा.

येथवर आपण घेणाऱ्याच्या ऋणाचा विचार केला. पण देणाऱ्याच्या शिरावर कांहीं ऋण असतें कीं नाहीं? आमच्या मतें या विषयाचा गाभा येथेंच आहे. ‘इतकें दिलें, आतां इतकीं वर्षें काम कर’ असें सांगणारा पक्ष, तें काम करतां येईल अशी स्थिति निर्माण करण्यासहि बांधलेला असतो. विद्यार्थ्याची वर्षें एकदां गेलीं कीं परत येत नाहींत. काम देण्याची वेळ आली असतां देणाऱ्यानें हात वर केले, तर त्या करारांत फसला कोण?

ही शंका नुसती तर्काची नव्हे. २० जानेवारी १९२५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २० जानेवारी २०२५ रोजीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें नव्या मुलकी नेमणुका थांबविल्याचा हुकूम काढला. त्याचा चटका ‘सायबरकोर’च्या विद्यार्थ्यांना बसला. त्या योजनेंत सरकारी जागा विद्यार्थ्यानें स्वतः शोधावयाची असते, आणि ठरल्या मुदतींत ती न मिळाली तर शिष्यवृत्तीचें कर्ज होतें. मुलें शिकून तयार झालीं, सेवा करण्याची त्यांची इच्छा होती; पण सरकारनेंच दारें लावून घेतलीं आणि कर्जाची टांगती तलवार मात्र मुलांच्या डोक्यावर राहिली. ‘स्मार्ट’मध्यें पुरस्कर्ती कचेरी आधींच ठरलेली असल्यामुळें विद्यार्थ्याची स्थिति त्याहून बरी, तरीहि नोकरीची हमी म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, एवढा धडा त्या वर्षानें सर्वांना दिला.

परंतु या गोष्टीसाठीं अमेरिकेकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. सेवेच्या कराराची शिष्यवृत्ति आपल्याकडे फार पूर्वींच दिली गेली आहे, आणि तिचा इतिहास आपल्यासारख्या घरांनीं विसरूं नये असा आहे. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. अट अशी होती कीं, परत आल्यावर त्यांनीं बडोदें संस्थानची दहा वर्षें नोकरी करावी. महाराजांचा हेतु उदार होता आणि त्यांनीं निवडलेला विद्यार्थी किती मोठा निघाला हें सांगावयास नको.

शिष्यवृत्तीची मुदत संपतांच लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकर १९१७ सालीं परत आले आणि करारास जागून बडोद्यास रुजू झाले. घेणाऱ्यानें आपला शब्द पाळला. पण ज्या नगरीनें त्यांना बोलाविलें तिच्यांत त्यांना राहण्यास जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळींत ‘अस्पृश्या’ला थारा नव्हता. पारशांच्या एका पथिकाश्रमांत ते पारशी नांव धारण करून राहिले. अकराव्या दिवशीं हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी गृहस्थ दारांत येऊन उभे राहिले, आणि त्याच दिवशीं त्यांना बिऱ्हाड सोडावें लागलें. त्यांनीं दोन स्नेह्यांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदु स्नेही मनानें थोर होता, त्याला संतापहि आला. पण तुम्हीं माझ्या घरीं आलांत तर माझे गडी निघून जातील, असें त्याच्या तोंडून निघून गेलें. दुसरा स्नेही ख्रिस्ती होता. तो व त्याची पत्नी मूळचीं ब्राह्मण. धर्मांतरानंतर नवरा उदार झाला होता, पत्नीचे आचार मात्र जुनेच राहिले होते, आणि तेथेंहि त्यांची सोय झाली नाहीं. शेवटीं कमाठी बागेंत पांच तास बसून काढून त्यांनीं मुंबईची रात्रीची गाडी पकडली. हें सारें त्यांनीं स्वतःच पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे.

हा करार मोडला कोणीं? कागदावर पाहिलें तर दहा वर्षें भरलीं नाहींत, तेव्हां विद्यार्थ्यानें मोडला असें म्हणावें लागेल. पण सत्य याच्या अगदीं उलट आहे. संस्थाननें फी दिली, विद्यावेतन दिलें, पदहि दिलें. एका खोलीचें छप्पर मात्र त्या शहरांतल्या समाजानें दिलें नाहीं. आणि तो समाज म्हणजे कोणी परका नव्हे. पुस्तकें वाचणारीं, मासिकें घेणारीं, मुलांना परदेशीं शिकविणारीं अशीं सुशिक्षित घरेंहि त्यांतच होतीं. ज्या गृहस्थाला संताप आला पण गड्यांची भीति वाटली, तो आपल्याला अनोळखी वाटत नाहीं, हेंच खरें दुःख आहे. बडोद्याचें पुढें काय नुकसान झालें याचा हिशेब करणें कठीण नाहीं. त्याच गृहस्थांनीं स्वतः पैसा जमवून व कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य घेऊन १९२० सालीं पुन्हां लंडन गांठलें, १९२३ सालीं तेथील डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली, आणि पुढें सबंध देशाच्या घटनेच्या मसुदा-समितीचें अध्यक्षपद भूषविलें. ज्या विद्येचें बीं बडोद्यानें पेरलें तिचें फळ बडोद्याला घरांत घेतां आलें नाहीं.

तात्पर्य हें कीं, सेवेच्या अटीची शिष्यवृत्ति वाईट नव्हे. गरीब पण बुद्धिमान मुलाला ती कर्जाहून पुष्कळच हितकारक असते. आणि शिकून आपण कोणाच्या तरी उपयोगी पडणार आहों ही जाणीव विद्यार्थ्याला स्थैर्य देते. परंतु सही करण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांनीं मुलासह बसून चार गोष्टींचा निकाल लावावा.

पहिली गोष्ट कामाची. नेमून दिलेल्या प्रयोगशाळेंत नेमकें काय होतें तें विचारावें. पुराचा अभ्यास करणें आणि क्षेपणास्त्र बनविणें या दोन्ही गोष्टी एकाच खात्यांत चालतात. यांपैकीं कोणतें काम आपल्या मनाला मानवेल हें मुलानें स्वतः ठरवावें. तें आजोबांनीं त्याच्यावर लादूं नये, आणि फुकट शिक्षणाच्या मोहानेंहि तें ठरूं देऊं नये. दुसरी गोष्ट ठिकाणाची. नौदलाचें एक मोठें अस्त्रसंशोधनकेंद्र कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत चायना लेक येथें आहे. अशा जागीं तीन-चार वर्षें राहावयाची मुलाची, आणि त्याचें लग्न ठरत असेल तर त्या मुलीचीहि, तयारी आहे काय? तिसरी गोष्ट करार मोडण्याची. आजारपण आलें, विषय झेपला नाहीं, मन बदललें, तर किती रक्कम व किती मुदतींत परत करावी लागेल तें आंकड्यांत लिहून घ्यावें. आणि चौथी गोष्ट देणाऱ्याच्या शब्दाची. जागाच रद्द झाली किंवा नेमणुका थांबल्या, तर कर्ज कोणाच्या माथीं बसणार? या प्रश्नाचें उत्तर करारनाम्यांत स्पष्ट सांपडलें नाहीं, तर खात्याला पत्र लिहून लेखी उत्तर मागवावें. हार्वर्ड-येलनीं आपला आक्षेप उघडपणें मांडला म्हणून त्यांची विद्वत्ता कमी झाली नाहीं. अठरा वर्षांच्या मुलानेंहि प्रश्न विचारण्यास लाजूं नये.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःसाठीं. आपल्याच गांवांत सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलेला एखादा तरुण डॉक्टर किंवा एखादी तरुण इंजिनियर कराराचीं वर्षें भरण्यासाठीं येते आणि भाड्याच्या खोलीची चौकशी करीत आपल्या दाराशीं उभी राहते. त्या वेळीं आपण तिचें आडनांव विचारतों कीं तिचें काम? सरकारनें दिलेली शिष्यवृत्ति सफळ होते कीं फुकट जाते, याचा निकाल पुष्कळदां मंत्र्यांच्या कचेरींत लागत नाहीं. तो अशा उंबरठ्यावर लागतो.